दऱ्या, दर्या आणि काळा पडदा

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. संगणकाचं शास्त्र मी शिकलेलो नाही आणि या वयात शिकायची उमेदही नाही. तरी आज बोलणार आहे ते संगणकाच्या काळ्या पडद्याबद्दल. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊस लागत नाही. एक लुकलुकणारा कर्सर असतो आणि त्याच्यापुढे आपण टाइप केलेला हुकूम. याला कमांड लाइन म्हणतात. आपण हुकमाची ओळ म्हणू या. सिनेमात हा पडदा चोराच्या नाहीतर हेराच्या पुढ्यात दिसतो, त्यामुळे साध्या माणसाला वाटतं, हे आपलं काम नव्हे. मलाही तसंच वाटायचं. माझं मत बदललं ते एका अर्ध्या र मुळे.

तर झालं असं. बी.ए. झाल्यावर तालुक्याच्या गावी मी एका छापखान्यात डीटीपीच्या कामाला लागलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. रात्री मशीन रिकामं असलं की मालकांच्या परवानगीने स्वतःच्या कविता जुळवायचो. १९९८ साली पहिला संग्रह निघाला तो असाच. लिहिणारा मी, टाइप करणारा मी आणि मुद्रितं तपासणाराही मीच. पुढे छापखाना बंद पडला. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती काढायची तयारी दाखवली. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. माझ्याकडे जुनी सीडी होती. फाँट बदलून देणारा एक तयार प्रोग्रॅम पैसे मोजून घेतला, बटण दाबलं आणि पाच मिनिटांत सगळ्या कविता नव्या रूपात समोर आल्या.

वाचायला बसलो आणि घाम फुटला. सह्याद्रीच्या दऱ्यांत उतरणारा माझा मेंढपाळ थेट दर्यात उतरला होता. वाऱ्याचा ‘वार्या’ झाला होता, किनाऱ्याचा ‘किनार्या’. आपल्या मराठीत चंद्रकोरीसारखा तो अर्धा र आहे ना, त्या प्रोग्रॅमने त्याच्या जागी सरसकट रफार चढवला होता. आता दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र. मी कोकणातला माणूस. माझ्या कवितांत दोन्ही आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, हिंदीत व्यवस्थित चालतं, मराठीतही चालायला हवं.

माझी भाची पुण्याला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. ईदला घरी आली होती. तिला सांगितलं तर हसली. म्हणाली, “मामू, मूळ फाइल आहे ना? मग विकत घेतलेलं ते बाजूला ठेवा.” सीडीवर पेजमेकरमध्ये घेण्याआधीच्या साध्या मजकुराच्या फायली होत्या. तिने काळा पडदा उघडला आणि एक ओळ टाइप केली. जुन्या फाँटमध्ये अर्ध्या र ची खूण स्वतंत्र होती, ती जिथे जिथे होती त्या सगळ्या ओळी क्रमांकासकट धडाधड खाली उतरल्या. “याला ग्रेप म्हणतात,” ती म्हणाली. मग दुसरी ओळ टाइप केली, तिच्यात ‘सेड’ नावाचा हुकूम होता. ही खूण दिसली की तिथे रफार नको, हा र घाल. तीस वर्षं मी अक्षरं जुळवत आलोय, पण माझ्या अक्षरांशी इतक्या सरळ भाषेत कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. हा ग्रेप आला कुठून, हे शोधायला लागलो आणि पोहोचलो अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीत.

ही कंपनी म्हणजे एटी अँड टी. जवळजवळ सगळ्या अमेरिकेचा टेलिफोन तिच्या ताब्यात होता. १९४९ साली अमेरिकी सरकारने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला आणि १९५६ च्या जानेवारीत तडजोडीचा हुकूमनामा झाला. कंपनीने संदेशवहन सोडून दुसऱ्या धंद्यात शिरायचं नाही आणि आपली पेटंटं इतरांना वापरायला द्यायची. हुकूमनामा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा संगणकाचे प्रोग्रॅम असणं शक्यच नव्हतं. पण धोरणाचं असंच असतं. बांध घालावा एका शेताला आणि पाणी लागावं तिसऱ्याच विहिरीला.

या कंपनीची संशोधन संस्था होती बेल लॅब्ज. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे तिचा मोठा परिसर. १९६०च्या दशकात एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्याबरोबर बेल लॅब्जने मल्टिक्स नावाची एक अवाढव्य प्रणाली बांधायला घेतली. काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं. केन थॉम्प्सन हा तरुण तिथला. त्याच्या हाती लागलं एक अडगळीत पडल्यासारखं छोटं यंत्र, पीडीपी-७. त्या उन्हाळ्यात त्याची पत्नी लहान मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडे गेली. घर रिकामं. थॉम्प्सनने एकेक आठवडा एकेका भागाला दिला आणि मूळ प्रणाली, हुकूम वाचणारा शेल, मजकूर लिहिण्याचा एडिटर आणि असेंब्लर असं सगळं उभं केलं. घर रिकामं असताना माणूस काय करतो त्यावरून त्याची ओळख पटते, असं माझी अम्मी म्हणायची. ते वेगळ्या अर्थाने म्हणायची, पण असो. मल्टिक्सच्या नावावर कोटी करून या छोट्या प्रणालीचं नाव पडलं युनिक्स.

त्यांना मोठं यंत्र हवं होतं, पण मल्टिक्समध्ये हात पोळलेले वरिष्ठ पुन्हा अशा कामाला पैसे द्यायला तयार नव्हते. तेव्हा या मंडळींनी एक युक्ती केली. कंपनीच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करायला सोय हवी होती. प्रत्येक ओळीला क्रमांक, पेटंट कार्यालयाला हवी तशी मांडणी. “आम्ही मजकूर टाइप करण्याची व्यवस्था करून देतो,” असं सांगून त्यांनी पीडीपी-११ हे यंत्र मिळवलं. १९७१ साली पेटंट विभागातले टायपिस्ट हे युनिक्सचे बाहेरचे पहिले गिऱ्हाईक ठरले. मला हे फार आवडतं. आज ज्या प्रणालीच्या वंशजांवर जगातली मोठमोठी यंत्रं चालतात, तिचं पहिलं खरं काम कारकुनी होतं. मजकूर घ्यायचा, नीट मांडायचा आणि छापून द्यायचा. म्हणजे माझंच काम.

हुकूम इतके तुटक का, हेही तिथेच कळलं. फायलींची यादी हवी तर ‘एलएस’, नक्कल करायची तर ‘सीपी’, पुसायची तर ‘आरएम’. तेव्हा पडदा नव्हताच. टेलिटाइप नावाचं खडखडणारं यंत्र होतं, त्याच्या कळा जड, आणि ते सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. जितकं कमी टाइप कराल तितकं बोटांना बरं. शब्दाची काटकसर गरजेतून आली आणि मग सवयच झाली. एक तक्रार मात्र माझी कायम आहे. आरएम हा हुकूम फाइल पुसण्याआधी एका शब्दाने विचारत नाही. भाची म्हणते, “मामू, तो तुम्हाला शहाणं समजतो.” मी म्हणतो, इतकंही समजू नये.

आता नळाची गोष्ट. डग्लस मॅकिलरॉय हे थॉम्प्सनचे वरिष्ठ. त्यांनी १९६४ च्या ऑक्टोबरातच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेत पाणी द्यायच्या नळीला जसा हवा तेव्हा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. ही गोष्ट ते वर्षानुवर्षं मागे लागून सांगत राहिले. अखेर १९७३ मध्ये थॉम्प्सनने एका रात्रीत ती सोय करून टाकली. एका हुकमातून जे बाहेर पडेल ते थेट दुसऱ्याच्या तोंडी. त्याची खूण म्हणजे एक उभी रेघ. आपल्या पोथ्यांत ओवीच्या चरणानंतर दंड असतो, अगदी तशी. पोथीतला दंड सांगतो, इथे थांबा. हा दंड सांगतो, पुढे चला. दुसऱ्या दिवसापासून सगळी प्रयोगशाळा एकमेकांना जोडलेल्या एकेका ओळीच्या करामती दाखवू लागली.

ग्रेपचा जन्म त्याच सुमाराचा आणि त्याच्या मागे चक्क एक वाङ्मयीन प्रश्न आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ साली ८५ लेख टोपणनावाने छापले गेले. लेखक तिघे, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. काही लेख नक्की कुणाचे याबद्दल वाद होता. बेल लॅब्जमधले ली मॅकमहॉन या लेखांतले शब्द तपासून लेखक ओळखता येतो का, ते पाहत होते. पण सगळे लेख एकदम एडिटरमध्ये मावेनात. तेव्हा थॉम्प्सनने एडिटरमधला शोधणारा भाग सुटा काढला आणि त्याचा वेगळा हुकूम केला. फाइल केवढीही असो, तो एकेक ओळ वाचतो, जुळली तर दाखवतो, नाहीतर सोडून देतो. एवढंच. दुसरं काही त्याला येत नाही आणि येऊही नये, असं माझं ठाम मत आहे. एकच प्रोग्रॅम पत्र लिहितो, हिशेब करतो, चित्र काढतो, वर जाहिरातही दाखवतो, तिथे काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही. मी विकत घेतलेल्या प्रोग्रॅमचं तेच झालं होतं. तो आत काय करतो हे त्याच्या विक्रेत्यालाही माहीत नव्हतं.

१९८६ साली अमेरिकेतल्या संगणकशास्त्राच्या एका मासिकात एक गमतीदार सामना झाला. मजकुरात कोणता शब्द किती वेळा आला हे मोजायचं होतं. डोनाल्ड नूथ या थोर शास्त्रज्ञाने कित्येक पानांचा, अतिशय देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या समीक्षेत मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा हुकूम एकमेकांना जोडून करून दाखवलं. एकाने शब्द सुटे करायचे, एकाने सगळी अक्षरं लहान करायची, एकाने क्रम लावायचा, एकाने सारखे शब्द मोजायचे, असं. न्यायाने बोलायचं तर नूथना सांगितलेलंच होतं की प्रोग्रॅम निबंधासारखा लिहून दाखवा, त्यामुळे ही स्पर्धा थोडी एकतर्फी होती. पण भाचीने त्या सहा हुकमांतून माझा संग्रह काढला, तेव्हा मला कळलं की ‘उंबरा’ हा शब्द मी किती वेळा वापरलाय. कोणत्याही समीक्षकाने मला ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत तीन उंबरे मी काढून टाकले.

पुन्हा धोरणाकडे येतो. १९५६ च्या हुकूमनाम्यामुळे एटी अँड टीला युनिक्सचं दुकान थाटता येत नव्हतं. विद्यापीठांनी मागितलं की अगदी थोड्या पैशात, मूळ लिखाणासकट दिलं जायचं. दुरुस्ती तुमची तुम्ही करायची, कंपनी हात लावणार नाही. याचा परिणाम असा झाला की ज्याने घेतलं त्याला ते उघडून शिकावंच लागलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने त्यात इतकी भर घातली की १९७८ पासून त्यांचं वेगळं वाण निघालं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकाने युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचं सगळं मूळ लिखाण ओळीओळीवर भाष्य करून विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केलं. ज्ञानेश्वरीवर टीका लिहावी तशी. पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली, तिच्या परवान्यात अट होती की मूळ लिखाण वर्गात शिकवायचं नाही. लायन्सचं भाष्य मग फोटोकॉपीच्या फोटोकॉपीतून जगभर फिरत राहिलं, अक्षरं पुसट होईपर्यंत. पुस्तकरूपाने ते उघडपणे छापलं गेलं १९९६ साली. छापखान्यातल्या माणसाला ही गोष्ट लागते.

पुढे १९८२ च्या तडजोडीनुसार १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीचे तुकडे झाले आणि त्याबरोबर जुनं बंधनही सुटलं. आता युनिक्स रीतसर विकता येऊ लागलं. त्याच सुमारास, १९८३ च्या सप्टेंबरात, रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच पण कुणालाही उघडून बघता येईल, बदलता येईल, वाटता येईल अशी प्रणाली लिहिण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस तोरवाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला. बर्कलीचं वाण मात्र १९९२ ते १९९४ कोर्टात अडकून पडलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे आणि २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

हे सांगताना मी भाबडा होत नाही. बेल लॅब्जमधल्या माणसांना रिकामा वेळ आणि पगार मिळत होता तो टेलिफोनच्या मक्तेदारीच्या पैशातून. म्हणजे मक्तेदारीने पोसलं आणि मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याने वाटायला लावलं. यातलं एक काढलं तर दुसरं उभं राहत नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी हे प्रकरण पाठ करावं असं मला वाटतं, ते याच गुंत्यासाठी.

आता आपल्या घरचं. संगणकाची मूळ लिपी आस्की, १९६३ ची. तिच्यात १२८ जागा, सगळ्या इंग्रजीच्या सोयीच्या. आपल्याकडे काही झालं नाही असं नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरला. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाणक भारतीय मानक म्हणून जाहीर झालं. पण प्रमाण ठरवणं वेगळं आणि बाजाराने ते पाळणं वेगळं. फाँट विकणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीने मराठी तुकडे बसवले. कुणाचा काना एका कळीवर, कुणाचा दुसरीवर. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, रफार नंतर. फाँट नसला की मराठीची जागा भलत्याच इंग्रजी चिन्हांनी घ्यायची. एका पिढीचं मराठी टायपिंग असं कुलुपात गेलं. माझा संग्रह त्यातला एक. जुनी परिपत्रकं, अहवाल, दिवाळी अंक, किती असेल त्याची मोजदाद नाही.

केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून स्वीकारलं ते २००९ साली. २०१० मध्ये खुल्या प्रमाणकांचं धोरण आलं, २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचं. कागदावर तिन्ही चांगली आहेत. पण सरकारी नोकरीसाठी जो संगणक अभ्यासक्रम मी केला, त्यात कोणत्या चित्रावर टिचकी मारायची एवढंच शिकवलं. फाइल म्हणजे काय, अक्षर आत कसं साठतं, याबद्दल एक शब्द नाही. दहावीच्या मुलाला ग्रेप यायला हवा असं मी म्हटलं तर लोक हसतात. पाढे यायला हवेत म्हटलं तर हसत नाहीत.

आणि युनिकोडचं एक गुपित राहिलंच. देवनागरीला त्यात १२८ जागांचा एक पट्टा आहे, आपला तो र ०९३१ क्रमांकावर बसतो, इनस्क्रिप्टवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येतो. पण हे क्रमांक फायलीत साठवायचे कसे, यावर एकमत होत नव्हतं. जुन्या इंग्रजी फायली मोडायला नकोत आणि सगळ्या जगाची अक्षरं मावायला हवीत. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवताना, ताटाखालच्या कागदावर, ही रीत आखली गेली. नाव यूटीएफ-८. आखणारे दोघे, रॉब पाइक आणि तोच केन थॉम्प्सन. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन. काही दिवसांत त्यांनी आपली सगळी प्रणाली तिच्यावर चालवून दाखवली. आपल्याला तिप्पट जागा लागते म्हणून मी कधी कधी कुरकुरतो. पण मराठीला इंग्रजीच्या कळीवर भाड्याने राहावं लागत नाही, स्वतःचं घर आहे, हे त्या कागदावरचं देणं आहे. ज्या माणसाने ग्रेप लिहिला त्यानेच माझा र त्याच्या जागी सुखरूप पोहोचवला, हे कळलं त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

संग्रहाचं काम दोन दिवसांत झालं. शेवटी भाचीने ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ असलेल्या सगळ्या ओळी पुन्हा एकदा काढल्या. म्हणाली, यंत्रावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा. मी बघत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. तिथे दर्या होता, मूळ फाइलमध्येही दर्याच होता. म्हणजे १९९८ साली रात्री उशिरा, डोळे मिटत असताना, माझ्याच बोटाने चूक केली होती. मला म्हणायचं होतं, म्हातारी दऱ्या पार करून लेकीकडे जाते. छापलं गेलं होतं, दर्या पार करून. आणि देवगडच्या एका निवृत्त गुरुजींनी नेमक्या त्याच ओळीबद्दल मला पत्र लिहिलं होतं, की लेकीसाठी समुद्र ओलांडणारी म्हातारी वाचून ते रडले.

भाचीचं बोट कळीवर होतं. “मामू, बदलू?”

मी म्हणालो, “राहू दे बेटा, ही एक ओळ सोडून दे.”